जुनी पण धडधाकट, ताजी पण आजारी

आमच्या घरच्या सर्व्हरमध्ये चार टेराबाइटच्या चार डिस्क आहेत. जुन्या डेस्कटॉपचा डबा, त्यात डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि एमडीएडीएम या प्रोग्रामने बांधलेला रेड ५. चारही डिस्क मिळून एकच साठा, त्यालाच अ‍ॅरे म्हणतात. म्हणजे वापरायला जागा तीन डिस्कची, चौथीएवढी पॅरिटीला, म्हणजे पडताळ्याच्या मजकुराला. कुठलीही एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर गणित करून काढता येतो. दोन गेल्या की गणित संपलं. आमच्या दोन एकाच रात्री बाहेर पडल्या.

घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. तळमजल्यावर अण्णांची कॅसेटींची कपाटं होती, ती पाण्यातच राहिली. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभा, कुणाकुणाच्या घरच्या बैठकी, असं सगळं त्यात होतं. नशीब एवढंच, की बऱ्याचशा कॅसेटी त्याआधी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवून झाल्या होत्या. तेव्हापासून सर्व्हर माळ्यावर. पुरापासून वाचला, पण वर पत्रा. मे महिन्यात डिस्कचं तापमान पन्नाशी ओलांडतं.

त्या संध्याकाळी वळीव आला, लाइट दोन-तीनदा गेली-आली. रात्री धाकटा भाऊ लग्नाचे फोटो सर्व्हरवर चढवत बसला होता. अकराच्या सुमारास फोल्डर उघडेना. सकाळी मशीन चालू केलं तर एमडीएडीएमचं उत्तर: दोनच डिस्क मिळाल्या, अ‍ॅरे सुरू करायला तेवढ्या पुरत नाहीत.

भावाचा तासगावचा मित्र फोनवर म्हणाला, "ताई, एवढं काय त्यात. बाहेर पडलेल्या डिस्क परत अ‍ॅड करा आणि रीबिल्ड मारा. नाहीच झालं तर क्रिएट करून टाका की." हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा आहे. रीबिल्ड म्हणजे बाकीच्या डिस्कवरून एकीचा मजकूर नव्याने भरणं. क्रिएट म्हणजे नवा अ‍ॅरे. डिस्कचा क्रम, चंकचा (मजकुराच्या एका तुकड्याचा) आकार, डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो ते अंतर, यातलं काहीही जुन्यापेक्षा वेगळं पडलं तर आतल्या फाइलींचा काला होतो. ते अंतर तर एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसारही बदलतं. मी त्याला म्हटलं, आधी बघू तरी काय झालंय ते.

बघायच्या गोष्टी दोनच. पहिली 'स्मार्ट'चा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, अहवाल. त्यातलं 'पास' हे वर छापलेलं अक्षर मी वाचतच नाही. मरायला टेकलेली डिस्कही पास होते. खालचे आकडे बोलतात. दोन नंबरच्या डिस्कवर १९७ व्या ओळीत, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांच्या) खात्यात, ८८ होते. तीन नंबरवर तिथे शून्य, पण १९९ व्या ओळीत शेकड्यांनी सीआरसी चुका. १९७ म्हणजे डिस्कची तबकडी आजारी. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधला रस्ता खराब, बहुतेक वेळा साटा केबल. केबल काढली तर टोकाची क्लिप सैल होऊन हलत होती. नवी लावली, आकडा तिथेच थांबला. तो कमी कधीच होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

दुसरी गोष्ट इव्हेंट काउंट. अ‍ॅरेमध्ये काही बदल झाला की प्रत्येक डिस्कवरचा हा आकडा पुढे सरकतो. बाहेर पडलेल्या डिस्कचा तिथेच गोठतो. एमडीएडीएमला 'एक्झामिन' करायला सांगितलं की तो दिसतो, शेवटच्या नोंदीच्या वेळेसकट. एक आणि चार नंबरवर ४८,२१३. दोनवर ४८,२०९, वेळ रात्री अकराची. तीनवर ४७,८६०, वेळ संध्याकाळी लाइट गेली तेव्हाची. सगळी गोष्ट यातच आली. लाइटच्या झटक्यात सैल केबलवाली तीन नंबर पडली. अ‍ॅरे तीन पायांवर चालू राहिला, भाऊ फोटो चढवत राहिला. मग दोन नंबरला खराब सेक्टर लागला. साधी डेस्कटॉप डिस्क अशा सेक्टरशी मिनिट-दोन मिनिटं झटत बसते आणि लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) तीस सेकंदांत धीर सोडतो, आणि डिस्क अ‍ॅरेबाहेर पडते. नासच्या, म्हणजे अशा सर्व्हरसाठीच बनवलेल्या, डिस्क सात सेकंदांत हार मानून तसं कळवतात, म्हणून अ‍ॅरेत टिकतात. आमचीला ती सोयच नव्हती. अशा डिस्कसाठी कर्नलची मुदत १८० सेकंदांवर नेता येते, आता तशी नेली आहे.

म्हणजे चार तुकड्यांपैकी मला तीन हवे होते. एक आणि चार पक्के. तिसरा कोणता? तीन नंबर तब्येतीने ठणठणीत, पण चार-पाच तास जुनी. तिला घेतलं तर मधल्या वेळात जे जे लिहिलं गेलं तिथे गणित चुकणार. दोन नंबर जवळजवळ ताजी, पण आजारी. आणि मित्राच्या सांगण्यावरून दोनला जबरदस्तीने आत घेऊन तीनवर रीबिल्ड लावला असता, तर तीन डिस्क मिळून बारा टेराबाइट वाचताना दोन पुन्हा त्याच सेक्टरवर कोसळली असती, आणि तोवर तीनवरचा जुना मजकूर अर्धा पुसला गेला असता.

राजवाडा चौकाकडच्या एका दुकानात विचारून आले. ते म्हणाले, डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर चालूच करू नका, पुण्याला पाठवायला लागेल. आवाज नव्हता. येताना चार टेराबाइटची नवी डिस्क घेऊन आले.

दोन नंबर माळ्यावरून खाली आणली, टेबलफॅनच्या तोंडासमोर ठेवली आणि डीडीरेस्क्यू लावला. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलं की ते ठिकाण सोडून पुढे जातो आणि अडलेल्या जागांची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतो. मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू. आमच्याकडे मे महिन्यात हा गुण सोन्याचा! नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त डिस्क एका रात्रीत उतरली. उरलेल्या चिमूटभरासाठी त्याहून जास्त वेळ गेला. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही ३६,८६४ बाइट मिळाल्याच नाहीत, म्हणजे ४,०९६ चे नऊ सेक्टर.

मग मूळ दोन नंबर काढून कपाटात ठेवली, कारण एकाच ओळखीच्या दोन डिस्क मशीनला दिसल्या तर घोळ होतो. एक, चार आणि नवी प्रत यांच्यावर ओव्हरले टाकला. ओव्हरले म्हणजे वाचायचं डिस्कवरून, पण लिहायचं जे काही असेल ते वेगळ्या फाइलमध्ये. मूळ डिस्कला धक्का लागत नाही. मग 'असेंबल' (डिस्क जोड) या आज्ञेला 'फोर्स' (जबरदस्तीने) जोडून अ‍ॅरे उभा केला आणि फक्त वाचण्यापुरता माउंट केला, म्हणजे फोल्डर उघडण्याजोगा केला. फोल्डर दिसले. आई मागे उभी होती. म्हणाली, "अण्णांचं आहे का बघ आधी."

फोल्डर दिसणं म्हणजे फाइल शाबूत असणं नव्हे. फ्लॅकचं बरं असतं, फाइलच्या सुरुवातीलाच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (त्यावरून काढलेली आकडी खूण) लिहिलेला असतो. फाइल उलगडून तो ताडता येतो. सगळं संगीत त्या चाळणीतून काढलं. एक फाइल नापास झाली. मिरजेची सभा, यमन, मध्येच खर्रकन आवाज येऊन दोन-तीन सेकंद गायब. तिची कॅसेट २०१९ लाच गेलेली.

इथे तीन नंबर आठवली. ती त्या रात्रीच्या फोटोंसाठी जुनी होती, पण यमनची ही फाइल कित्येक वर्षांत कुणी बदललेली नव्हती. तिच्या जागी तीन नंबरवरचा मजकूर आजही खराच असणार. पहिला अ‍ॅरे थांबवला. एक, तीन, चार, तिघींवर कोरे ओव्हरले, पुन्हा फोर्स, जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) न चालवता फक्त वाचण्यासाठी माउंट. त्या रात्रीच्या फोटोंचा फोल्डर उघडताना कुरकुर झाली, ती अपेक्षितच होती. यमन मात्र कॉपी झाला आणि ठशाशी तंतोतंत जुळला.

सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्यावरच तीन नंबर नव्या केबलसकट अ‍ॅरेत घातली आणि तेव्हा कुठे रीबिल्ड मारला. सर्व्हर माळ्यावरून मधल्या मजल्यावर, जिन्याखालच्या कोनाड्यात आलाय. रेड ६, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी तगणारा, करावा असं भावाचं म्हणणं. मी त्या पैशात आणखी एक बाहेरची डिस्क घेतली. ती मिरजेला आत्याकडे असते, नदीपासून लांब, आणि दर महिन्याला तिच्याकडे जायला आईला कारणही मिळतं.