मिस हॅच आणि मिसेस मॅक्लेन

नाताळच्या आदल्या रात्री घडणारा 'डाय हार्ड' हा नाताळचा सिनेमा की नुसती मारधाड, हा वाद दर डिसेंबरात नव्याने पेटतो. विरोधकांचा आवडता मुद्दा म्हणजे सिनेमा लागला जुलै १९८८ मध्ये. हा मुद्दा काही टिकत नाही. ज्याच्याशिवाय अमेरिकेतला नाताळ साजराच होत नाही, त्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं चित्रीकरण झालं १९४६ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात. त्यातला बर्फ म्हणजे आग विझवायचा फोम, साबण आणि पाणी. त्याआधी स्टुडिओवाले बर्फासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे. ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर वेगळे रेकॉर्ड करावे लागत. दिग्दर्शक फ्रँक कॅप्राला ते नको होतं, म्हणून हे नवं मिश्रण आलं आणि त्याला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

हा बर्फ नुसता शोभेचा नाही. नायक जॉर्ज बेली 'मी जन्मलोच नसतो तर बरं' म्हणतो, देवदूत क्लॅरन्स ते खरं करतो आणि पडता बर्फ तत्क्षणी थांबतो. जॉर्जला आपलं आयुष्य परत मिळतं तेव्हा पुन्हा भुरभुरू लागतो. 'डाय हार्ड' घडतो लॉस एंजेलिसमध्ये, तिथे बर्फ आणायचा कुठून? मग शेवटी आकाशातून कागद पडतात. ६४ कोटी डॉलरच्या रोख्यांचे हे कागद, ज्यांच्यासाठी एवढी माणसं मेली. जॉर्जच्या घरातही शेवटी टेबलावर नोटांचा ढीग पडतो, पण त्या त्याच्या पतपेढीची तूट भरायला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खिसे झटकून आणलेल्या असतात.

आता माणसांकडे या. एक छोट्या गावात पतपेढी चालवतो, दुसरा न्यूयॉर्कचा पोलीस. जॉर्जला जग बघायचंय आणि गाव सोडता येत नाही. जॉन मॅक्लेनला बायकोला भेटून यायचंय आणि चोरांनी ताब्यात घेतलेली तिच्या कचेरीची इमारत सोडता येत नाही. दोघेही कोंडलेले, आणि दोघांनाही मदत मिळते ती वरिष्ठांकडून नव्हे, तर बढती अडकलेल्या कुणाकडून तरी. क्लॅरन्स दोनशे वर्षं पंखांची वाट बघणारा दुय्यम दर्जाचा देवदूत. इमारतीबाहेरून मॅक्लेनला साथ देणाऱ्या पोलीस सार्जंट पॉवेलच्या हातून एक पोरगा मारला गेलेला, तेव्हापासून तो टेबलामागे. क्लॅरन्सला पंख मिळतात आणि पॉवेलचं पिस्तूल पुन्हा बाहेर निघतं. दुसरं बक्षीस पहिल्याइतकं निर्मळ नाही, हे कबूल.

दोन्हीकडे नायक मोडतो तो प्रसंग शेजारी ठेवून बघा. जॉर्ज बारमध्ये बसून, आपण काही देवभक्त नाही असं सांगत देवाची करुणा भाकतो. मॅक्लेन बाथरूममध्ये तळपायातून काचा उपसत, वॉकीटॉकीवर पॉवेलला सांगतो की बायकोला माझी माफी कळव. ऐकणारा दोघांनाही दिसत नाही. रक्तही दोघांचं वाहतं. फरक इतकाच की जॉर्जला फुटलेला ओठ बघून आनंद होतो, कारण जन्मच न झालेल्या माणसाचं रक्त येत नाही. मॅक्लेनच्या काचांची तयारी मात्र फार आधी झालेली असते. विमानात शेजारचा प्रवासी सल्ला देतो, बूट काढून गालिच्यावर पायाच्या बोटांच्या मुठी कर. म्हणून हल्ला होतो तेव्हा हा अनवाणी. खलनायक ग्रूबर त्याला समोरासमोर भेटतो, उघडे पाय बघून ठेवतो, आणि पुढच्या चकमकीत आपल्या माणसाला काचा फोडायला सांगतो. पटकथा शिकणाऱ्याने एवढा धागा जरी नीट उलगडून पाहिला तरी पुष्कळ.

मला सगळ्यांत मजा वाटते ती आडनावाची. मॅक्लेन इमारतीत येतो, स्वागतकक्षातल्या पडद्यावर बायकोचं नाव शोधतो आणि ते सापडतं 'जेनेरो' या माहेरच्या आडनावाखाली. जॉर्ज नसलेल्या गावात त्याची मेरी भेटते तीही अविवाहित, म्हणजे अर्थात मिस हॅच, वाचनालयाला कुलूप लावून निघालेली. दोन्ही नायकांचा पराभव असा बायकोच्या नावात दिसतो, आणि दोन्ही शेवटांत ते नाव पूर्ववत होतं. मॅक्लेन तिची ओळख 'जेनेरो' अशी करून देतो, तीच दुरुस्त करते. स्वतःच्या पगारावर उभ्या राहिलेल्या बाईला एका रात्रीत सासरचं आडनाव परत घ्यायला लावणं आज खटकतं. अविवाहित राहिली म्हणजे चष्मा आणि वाचनालय नशिबी, हेही तसंच. बेचाळीस वर्षांच्या अंतराने हॉलिवूड या एका बाबतीत जागचं हललं नव्हतं.

एफबीआयचाही दोन्हीकडे हात लागलाय. 'डाय हार्ड'मध्ये ते नियमावलीबरहुकूम वीज तोडतात आणि तिजोरीचं सातवं, विजेवर चालणारं कुलूप चोरांना फुकटात उघडून मिळतं. 'वंडरफुल लाइफ' पडद्यावर आला तेव्हा खऱ्या एफबीआयने त्याची नोंद घेतली होती. सावकार पॉटरला खलनायक केलंय, म्हणजे यात साम्यवादी प्रचार असावा, असा संशय!

दोन्ही एकाच रात्री बघायचे तर सव्वाचार तासांहून थोडा जास्त वेळ धरा. कॅप्राचा कृष्णधवलच लावा, रंग भरलेली आवृत्ती नको. 'डाय हार्ड' रुंद चौकटीत बघा. जुन्या टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत कडेला उभी माणसं गायब होतात. आणि क्रम हाच ठेवा, आधी कॅप्रा. पॉटर पतपेढीचे आठ हजार डॉलर शेवटपर्यंत परत करत नाही, त्याचं कुणी काही वाकडंही करत नाही. त्या रागात 'डाय हार्ड' लावला की ग्रूबर तिसाव्या मजल्यावरून पडताना जास्तच बरं वाटतं.