तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही?

हा प्रश्न मला पालक कुठेही गाठून विचारतात. भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टमध्ये, एकदा तर एका बारशाला. लालबाग-परळ भागात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, नीटची तयारी करून घेते. क्लास सुटल्यावर मुलं रेंगाळतात, बोलतात. गांजाचा माल कुठून येतो, ओढायला कोणाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसतात, हे माझ्या कानावर येतं आणि तुमच्या येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकते.

पूर्वी मी सांगायचे. एका मुलीच्या आईला बोलावून नीट समजावून सांगितलं होतं. संध्याकाळी मुलीचा फोन गेला, दुसऱ्या दिवशी क्लास बंद, आणि गणपतीच्या आधी तिची रवानगी कणकवलीला मामाकडे. तिचा गांजा सुटला की नाही, मला ठाऊक नाही. माझ्याशी बोलणं मात्र सुटलं. तिचंच नाही, तिच्या बॅचमधल्या सगळ्यांचं.

मग मी सांगणं थांबवलं आणि मुलांशीच बोलायला लागले. 'नैसर्गिक आहे मॅडम' असं कुणी म्हणालं की मी म्हणते, धोतराही नैसर्गिकच आहे. 'कॅनडात चालतं' म्हणाले तर सांगते, 2018 पासून चालतं, पण अठराच्या आतल्यांना तिथेही विकत नाहीत, आणि क्वेबेकमध्ये तर 21 पूर्ण लागतात. का? तर मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते म्हणून. आठवणी जिथे तयार होतात त्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्येच टीएचसीला, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याला, चिकटायला भरपूर जागा आहे, हे ऐकलं की नीटवाली पोरं एकदम गप्प होतात. किशोरवयात सुरुवात करणाऱ्या साधारण सहांपैकी एकाला व्यसन लागतं, हेही सांगते. 'म्हणजे पाच जणांना लागत नाही' हा हिशेब ते लगेच करतात. मी तो खोडत नाही. खोटं बोलले तर पुढचं ऐकणार नाहीत. एक ओढलास की खलास, हे त्यांनी शाळेत पोस्टरवर वाचलेलंच असतं आणि त्यांचे मित्र खलास झालेले नसतात.

शेवटी एक सांगतेच. कुणाची तब्येत बिघडली तर त्याला टाकून पळू नका. मला फोन करा, कितीही वाजलेले असोत.

यावर तुम्ही म्हणता, म्हणजे मॅडमनी परवानगीच दिली. बरं.

तो फोन पावसाळ्यात आला, रात्री साडेअकराच्या पुढे. पोरं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसली होती. मी चढून गेले तेव्हा दोघं जण तिसऱ्याला धरून उभे होते. तो कठड्याकडे जायचं म्हणत होता. अंग घामाने भिजलेलं, नाडी इतकी जोरात की मला मोजताच येईना. 'मॅडम, खालच्या मजल्यावरचे सगळे माझं ऐकतायत,' हे एकच परत परत. पायाशी गोगोचं, म्हणजे गांजा भरून ओढायच्या कागदाचं पाकीट, पावसाने लगदा झालेलं. मित्र म्हणत होते, हॉस्पिटल नको, पोलीस केस होईल. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा त्यांना मीच शिकवला होता: एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण', पण अल्प म्हणजे माफ नव्हे, वर्षभराची कैद होऊ शकते. तेवढं बरोबर लक्षात राहिलं होतं! टॅक्सी केली, महापालिकेच्या रुग्णालयात नेलं, वाटेत वडिलांना फोन केला. कॅज्युअल्टीत काय ओढलं ते त्याच्या मित्रांनीच सांगितलं, काही न लपवता.

डॉक्टर मुलगी होती, फार तर सत्तावीस-अठ्ठावीसची. तिने आईवडिलांना विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार? वडील म्हणाले, नाही. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'मोठे दीर. गावी असतात.' वडील म्हणाले, 'त्याचं वेगळं आहे.' डॉक्टरने विचारलं, वेगळं म्हणजे? आईने सांगितलं, 'आवाज ऐकू येतात त्यांना. लग्नाआधीपासून.'

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. काका शेती बघतात, एवढंच. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल तर गांजाने भ्रम जडण्याचा धोका बराच वाढतो, आणि लहान वयात, रोज, कडक माल ओढणाऱ्याला तो आणखी जास्त. हे मी प्रत्येक बॅचला सांगते, त्या बॅचलाही सांगितलं होतं. त्याने ऐकलं आणि स्वतःला त्यात धरलं नाही, कारण धरायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

पहाटे बाकड्यावर वडिलांनी मला विचारलं, 'तुम्हाला कधीपासून माहीत होतं?' मी म्हटलं, दिवाळीपासून. ते काही बोलले नाहीत. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ती वेळ नव्हती.

तो आता बरा आहे. गोळ्या आहेत, वर्ष गेलं. गांजामुळेच झालं का, तर डॉक्टर तसं छातीठोक म्हणत नाहीत. कदाचित पुढे कधीतरी झालंच असतं. पूर्वीची मी मला ऐकवते: दिवाळीत सांगितलं असतंस तर त्याला मामाकडे पाठवला असता, पण गच्चीवर तर नसता गेला. मी तिला म्हणते, दुसऱ्या गच्चीवर गेला असता, आणि तिथून मला फोन आला नसता. यावर तिच्याकडे उत्तर नाही, पण तिचं म्हणणं खोटंही पडत नाही. काही रात्री ती जिंकते.

आता मी थोडं बदललंय. मुलाला आधी विचारते, घरी तू सांगशील की आपण दोघं मिळून सांगू? काही तयार होतात. जे होत नाहीत त्यांना 14416 देते, टेली-मानसचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते खरंच फोन करतात का, हे मी तपासत नाही. तुम्हाला हे पुरणार नाही, कळतंय मला.

जूनमध्ये ते वडील परत आले. धाकटीला दहावीनंतर माझ्याकडेच घालायचंय. म्हणाले, 'हिचं काही कानावर आलं तर मला लगेच सांगायचं, मॅडम.' मी म्हटलं, 'तिला काकांबद्दल सांगितलंत?' ते चपला घालत होते.

'दहावी होऊ दे तिची,' म्हणाले. 'मग बघू.'