गुळगुळीत टायर, कच्चा रस्ता

पुण्याबाहेर सायकल काढली की निव्वळ डांबर क्वचितच मिळतं. बोपदेव घाट चढून सासवड गाठायचं, तिथून वाघापूरवरून भुलेश्वरला जायचं, तर वाटेत कुठे रुंदीकरणाची खडी पसरलेली असते, कुठे साइडपट्टीच्या मुरमात उतरावं लागतं, आणि एखाद्या वस्तीकडे वळलं की नुसती चाकोरी. माझा ढोबळ हिशोब असा होता की दहातले आठ किलोमीटर डांबराचे, दोन कच्च्याचे. नवे टायर घ्यायचे ठरवले, तेव्हा सगळे जण मात्र त्या दोनांसाठीचे, जाड नक्षीचे सुचवत होते.

हायब्रिड सायकलीसोबत आलेले ७०० बाय ३८ चे (म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर जाड नक्षीचे, कडेत तार असलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक टायर ठेवला तर पाऊण किलोच्या पुढे आकडा गेला. (घरच्यांनी काटा दोनदा पुसून घेतला.) पण वजनापेक्षा मला खटकला तो त्याचा ताठपणा. हवा नसतानाही बाजूची भिंत अंगठ्याने दाबली तर ती नाखुशीने वाकायची. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग सतत दबतो आणि सुटतो. त्यात रबर आणि धागे जेवढी ताकद खातात, तेवढी आपल्या पायांतून जाते. म्हणून बारीक धाग्यांचा, पातळ रबराचा, हाताला मऊ लागणारा टायर हलका पळतो. नक्षी पाहण्याआधी टायर चिमटीत धरून पाहावा, असं माझं ठाम मत झालं.

नक्षीचा प्रश्न तरी सोडवायला हवाच होता, कारण पावसात घसरण्याची भीती सगळेच घालतात. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण वेगात रुंद टायरखाली पाणी अडकतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. हा वेग टायरमधल्या हवेवर अवलंबून असतो. विमानांसाठी वापरलं जाणारं ढोबळ सूत्र ४५ पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप, माझ्या मागच्या टायरमध्ये एवढा असतो) लावलं तर उत्तर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास येतं. शिवाय सायकलचा टायर जमिनीला टेकतो जेमतेम दोन-अडीच चौरस इंच, तोही होडीसारखा निमुळता. दिवे घाटाच्या उतारावरसुद्धा मी त्या वेगाच्या जवळपास जात नाही. ओल्या डांबरावर पकड रबराची असते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि सांडलेलं डिझेल यांच्यावर कोणतीच नक्षी वाचवत नाही.

मातीत गोष्ट वेगळी. कोरडा, दबलेला मुरूम असेल तर रुंद गुळगुळीत टायर मजेत जातो, कारण कमी हवेमुळे तो दगडांवरून उड्या मारण्याऐवजी त्यांना अंगावर घेतो. मोकळ्या खडीत आणि ओल्या मातीत गाठीगाठींचा टायर नक्कीच सरस. पण आपल्याकडची काळी माती भिजली की त्या गाठी दोन मिनिटांत लिंपून जातात आणि टायर गुळगुळीतच होतो, वर मडगार्डमध्ये चिखल ठासून बसतो तो वेगळाच. अशा वेळी सायकल खांद्यावर.

मग रुंदी. फ्रेममध्ये किती मावेल हे कागदावर कळत नाही. मी जुन्या टायरच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅलन की सरकवून पाहिल्या. पुढच्या फोर्कमध्ये ८ मिलिमीटरची आरामात गेली, मागे पेडलजवळच्या नळ्यांमध्ये ६ ची घासत गेली. बाजूला निदान ५ मिलिमीटर मोकळे हवेत, नाहीतर चाकाला जरा आउट आला (ते डुलत फिरू लागलं) किंवा खडा अडकला की रंग खरवडलाच. ४२ मिलिमीटर रुंदीचा मोह तिथेच संपला आणि ३८ नक्की झालं.

आकार सांगताना जपून. काही परदेशी कंपन्या याच टायरवर इंचांतही २८ लिहितात. आपल्याकडे दुकानात नुसतं ‘अठ्ठावीसचा टायर’ म्हटलं की काउंटरवर येतो तो दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचा, २८ बाय दीड इंचाचा. त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर, आपल्या रिमला लागतो ६२२ चा. टायरवर ३८-६२२ असं बारीक अक्षरात कोरलेलं असतं, तेच वाचावं.

पर्याय फार नव्हते. श्वाल्बेचा कोजॅक पूर्ण गुळगुळीत, पण या रिमसाठी मला ३५ चाच दिसला. श्वाल्बेचाच मॅरेथॉन लांबच्या प्रवासाला उत्तम, आत ३ मिलिमीटरचा रबरी पट्टा आणि काट्यांना दाद न देणारा, पण वजनात माझ्या जुन्या टायरचाच भाऊ. रेने हर्सचे टायर अमेरिकेहून मागवायचे म्हणजे टायरइतकाच जीव कस्टममध्ये अडकवायचा. शेवटी पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग स्लिक (म्हणजे गुळगुळीत), ७०० बाय ३८, कडेत तार नसल्यामुळे घडी घालता येणारा घेतला. माझ्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर भरला. एकाच्या किमतीत जुन्यासारखे चार आले असते, हे घरी सांगितलेलं नाही.

नेहमीच्या मेकॅनिककाकांनी पाकीट उघडून टायर उलटसुलट केला. “साहेब, लोक टक्कल पडल्यावर टायर बदलतात. तुम्ही टकलाच विकत आणला!” पण बसवताना पाना लागला नाही, नुसत्या अंगठ्यांनी कड आत गेली, तेव्हा गप्प झाले.

हवेवरून मात्र आमचं एकमत नाही. त्यांना टायर दगडासारखा लागतो. माझं आणि सायकलचं वजन मिळून नव्वदीच्या आत आहे. मी मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय ठेवतो, मुरूम जास्त असेल त्या दिवशी दोन्हीकडे पाचेक कमी. त्याहून कमी केलं की खड्ड्याच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. फूटपाथवरच्या कॉम्प्रेसरवर भरवत नाही. स्वतःचा गेज असलेला पंप यात टायरइतकाच महत्त्वाचा.

खरा शत्रू बाभूळ. सासवडच्या पुढे रस्त्याकडेला वेड्या बाभळीच्या फांद्या छाटून टाकलेल्या असतात आणि पातळ टायर म्हणजे त्यांना आमंत्रण. वाल्वचा गाभा निघणाऱ्या ट्यूब घेतल्या आणि त्यात सीलंट भरलं. बारीक काट्याचं भोक त्याने चालता चालता बुजतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. तरीही पंक्चर झालंच तर काट्याचं टोक शोधायला टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. जिथे तंतू अडकतात, तिथे टोक. बोटाने शोधू नये, ते बोटात सापडतं.

चढावर उभं राहून पेडल मारलं तर मोकळ्या मुरमात मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून बसूनच चढतो. उताराच्या खडीत पुढचा ब्रेक अलगद. डांबरावर जुन्या टायरची घरघर गेली आहे. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर मधोमध चपटा होतोय, कारण जास्त वजन त्याच्यावर. तो गेला की मागे काट्यांसाठी पट्टा असलेला थोडा जड टायर टाकून पाहायचा विचार आहे, पुढे मात्र हाच.