तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांचं नाटक का थांबवलं

"तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या नाटकाला चौथा अंक जोडलात, मग पोरांनी तुमच्या नाटकाचा शेवट बदलला तर एवढं काय झोंबलं?" फोंड्याच्या बाजारात हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, परवा चतुर्थीच्या आरतीनंतर एकाने हातातला प्रसाद सांभाळत हेच विचारलं. घ्या, सांगतो.

हो, जोडला होता. १९९४ साली, आमच्या जत्रेत. लेखक हयात होते, पुस्तकावर पत्ता छापलेला, एक पत्र टाकायचं तर नाही टाकलं. नायिका मरते ते मला सहनच होईना म्हणून तिला जिवंत केली, वर दोन पदं घातली. तेव्हा कोणी अडवलं असतं तर मी आयुष्यभर शिव्या घातल्या असत्या.

आणि कायदा मला शिकवू नका. १९५७च्या कायद्यात कलम ५२ आहे, हौशी मंडळाने फुकट किंवा देवस्थानासाठी प्रयोग केला तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही, आपली जत्रेची नाटकं त्याच आडोशाला चालतात. पण ती सवलत प्रयोगाला, संहिता फिरवायला नाही. (हे मला भांडण झाल्यावर कळलं, आधी नाही.) पैसे मी एक रुपया मागितला नव्हता.

माझ्या नाटकातली आई मार्दोळला देवळासमोर जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, माळा विकते. ती माझीच आई, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या प्रवेशात मुलगा येत नाही, रात्र होते, टोपलीतल्या कळ्या फुलून गेलेल्या, ती एकेक माळ सोडवते, केळीचा दोर उद्याला लागेल म्हणून बाजूला ठेवते आणि फुलं तळीत टाकते. एक शब्द बोलत नाही. पोरांनी काय करावं? मुलाला दुबईहून आणला, त्याने सगळ्या माळा विकत घेतल्या आणि त्यातली एक आईच्या केसात माळली. पेटीवाल्याने भैरवी धरली, टाळ्याच टाळ्या, शेजारची बाई डोळे पुसत म्हणते, "बरें केलें रे पोरांनीं."

बाबा गेल्यावर माझ्या आईने फूल माळलं नव्हतं. कधीच नाही. मी उठून सरळ रंगपटात गेलो, पोरं अजून रंग पुसत होती, आणि नको ते बोललो. ज्याने शेवट लिहिला तो मुलगा तोंडाला खोबरेल चोळता चोळता थांबला, म्हणाला, "सर, ती जन्मभर एवढी फुलं ओवते, तिला एक नको?"

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही म्हणूनच कदाचित दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावच्या देवस्थान समितीला प्रयोग थांबवा म्हणून लेखी पत्र दिलं. मंडप घातलेला होता. प्रयोग रद्द झाला.

चूक केली का? पत्र मी आजही देईन, ती माझी आई आहे, त्यांची नव्हे. पण आईला फूल द्यायचं मला तरी कुठे सुचलं, घरात नाही आणि नाटकात पण नाही.

यंदा पोरांनी 'संशयकल्लोळ' घेतलंय. त्याचे लेखक देवल १९१६ साली गेले, परवानगी कोणाची लागत नाही, आणि देवलांनी तरी ते इंग्रजी नाटकावरूनच बेतलेलं, ते इंग्रजी परत मोलिएरवरून. तालीम आमच्या घरामागच्या सभामंडपात चालते, पदं खिडकीतून ऐकू येतात. तो मुलगा रस्त्यात भेटला की मान खाली घालून जातो.