तुम्ही विचारलंत म्हणून: रानातलं माझं खोपटं

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, पण परवा तो दातांच्या डॉक्टरांनी विचारला. माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते आणि एक नळी. ‘तुम्ही म्हणे भर पावसात रानात ताडपत्रीखाली राहता? गळत नाही? सरळ तंबू का नाही घेत?’ मी ‘आं आं’ एवढंच म्हणू शकले. घरी येताना रिक्षात उत्तर जुळवत बसले, तर ते बरंच लांबलं. म्हणून लिहूनच काढते.

आधी जागेचं सांगते. मुळशी तालुक्यात घाटमाथ्यावर मावशीच्या सासरचं तीनेक एकर मालकी रान आहे. डांबरी संपते तिथून पाऊण तासाची चढण. मालकीचं आहे हे मुद्दाम सांगते, कारण वनखात्याच्या जमिनीत आपला कोयता चालवायचा नसतो, आणि अभयारण्यात तर १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानाला धोका होईल अशी आग पेटवणं हाही गुन्हा आहे. मालकीच्या रानातसुद्धा बऱ्याच जातींची झाडं पाडायला परवानगी लागते. त्यासाठी १९६४चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे माझ्या खोपटापायी एकही उभं झाड पडलेलं नाही. पडक्या फांद्या, वाळकी कारवी, कुंपणाची छाटणी, गवत आणि पेंढा यांवर सगळं भागलं.

सुरुवात २०१६च्या जुलैमध्ये झाली. मी आणि माझा मावसभाऊ. सामान म्हणजे १२ बाय १५ फुटांची ताडपत्री, नायलॉनची दोरी, एक कोयता, एक पातेलं, दोन योगाच्या चटया आणि भरपूर आत्मविश्वास. दोन झाडांमध्ये दोरी ताणली, ताडपत्री तिच्यावर टाकली आणि चारी कोपरे खेचून बांधले. छातीइतक्या उंचीवर, जवळजवळ सपाट. का, तर बसल्या बसल्या दरी दिसावी! पुनर्वसूचा पाऊस होता, म्हणजे आमच्याकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात तो. दिवसभर त्यानं आम्हाला सांभाळून घेतलं.

रात्री साडेबाराच्या सुमाराला ताडपत्रीला पोट सुटलं. एकीकडे शेजारच्या दोरीवरून पाणी हळूहळू ओघळत आत आलं आणि माझ्या उशाशी ठिबकायला लागलं. भावानं पोट खालून दोन्ही हातांनी वर ढकललं. बादलीभर पाणी पलीकडे जाईल असा त्याचा हिशेब होता. ते पायथ्याशी ठेवलेल्या आमच्या कोरड्या कपड्यांवर गेलं. पण खरी गंमत त्यानंतरची. माझी बाजू तोपर्यंत बऱ्यापैकी कोरडी होती, अंगावर घोंगडी होती, तरी पहाटेपर्यंत मी कुडकुडत होते. हवा काही फार गार नव्हती, फार तर १८ अंश असेल. दात मात्र वाजत होते.

सकाळी खालच्या धनगरवाड्यावरचे मामा म्हशी घेऊन वर आले. त्यांनी ताडपत्रीकडे बघितलंही नाही. काठीनं माझी चटई उचलली, खालचा चिखल बघितला आणि म्हणाले, ‘ताई, ही गादी व्हय? आमचं कुत्रं बी यापरीस बरं झोपतंय. ते आधी पाला उकरून ढीग करतंय.’

भाऊ त्या दिवशी दुपारच्या एसटीनं पुण्याला गेला आणि पुन्हा कधी आला नाही. मी राहिले, आणि कुत्र्याकडून शिकायला लागले.

आसरा म्हटलं की सगळे आधी छपराचा विचार करतात. मीही केला होता. पण ओली जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते, आणि पाठीखालची घोंगडी आपल्याच वजनानं चेपली जाते, म्हणजे तिच्यातली हवा निघून जाते. ऊब धरते ती हवाच. म्हणून मी पहिलं काम केलं ते माच बांधायचं: चार बेचक्या जमिनीत ठोकल्या, त्यांवर दोन लांब दांडे, दांड्यांवर आडव्या कारवीच्या काठ्या लगोलग, गुडघ्याइतक्या उंचीवर. ऐटीत झोपले आणि आदल्या रात्रीपेक्षा जास्त गारठले. काठ्यांच्या फटींतून खालून वारा येत होता! जमिनीपासून सुटले खरी, पण वाऱ्याच्या तावडीत सापडले. मग वाड्यावरून भाताचा पेंढा आणला. तो रचताना मांडीइतका उंच दिसतो, अंग टाकलं की जेमतेम वीतभर उरतो, आणि ती चेपलेली वीतभर जाडीच खरी. आता माचेच्या तीन बाजूंना खालपर्यंत गवताच्या पेंढ्या लावलेल्या आहेत, चौथ्या बाजूनं आत सरपण सरकवते. सरपण कोरडं राहतं आणि वाराही अडतो.

छपराची दुरुस्ती त्यानंतर. आढं, म्हणजे छपराची मधली वरची कड, छातीवरून उचलून डोक्याच्या वर नेलं, आणि ताडपत्रीची लांब बाजू पश्चिमेला पार जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत उतरवली. घाटमाथ्याच्या कड्यावर पाऊस वरून पडतो असा ज्यांचा समज आहे त्यांनी जुलैत एकदा नाणेघाटात जाऊन उभं राहावं. तिथं धबधबाही वाऱ्यानं उलटा वर उडतो. आमच्याकडेही दरीतून सुसाट वर येणारा वारा पाऊस आडवा मारतो. म्हणून पश्चिमेकडची वळचण, म्हणजे छपराची खालची कड, खाली आणि तोंड पूर्वेला. दरीच्या देखाव्यावर पाणी सोडलं.

दोरीवरून आत येणाऱ्या पाण्याचा इलाज तर इतका सोपा निघाला की चीड आली. ताडपत्री जिथं सुरू होते त्याच्या हातभर अलीकडे दोरीला सुतळीचा एक तुकडा बांधायचा आणि खाली लोंबता सोडायचा. पाणी दोरीवरून येतं, सुतळीपाशी थबकतं आणि तिच्या टोकावरून बाहेरच ठिबकतं. एवढंच. त्या एका तुकड्यापायी माझी अख्खी रात्र उशाशी पातेलं धरून गेली होती.

पागोळ्यांचं पाणी वळचणीखालून पुन्हा आत येऊ नये म्हणून चढाच्या बाजूनं चर खणला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, आणि निघालेली माती आतल्या बाजूला बांधासारखी थापली. तुम्ही म्हणाल एका कोयत्यावर सगळं होतं. नाही होत. कोयत्यानं माती खणली की धार जाते, आणि मग त्यानं काठीही तुटत नाही. कुदळ मामांची होती. दातांच्या डॉक्टरांना कोणी तरी ‘एक ताडपत्री, एक कोयता’ असं सांगितलं असेल तर त्यात ही कुदळ आणि मामांचे दोन दिवस मिळवायचे राहिले आहेत.

पुढच्या मे महिन्यात ताडपत्रीवर शाकारणी केली. नुसती ताडपत्री उन्हानं वर्षभरात तडकते, आणि पाऊस तिच्यावर असा बडवतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वर गवत चढवलं की दोन्ही थांबतं. मी हौसेनं आढ्यापासून सुरुवात केली. हात तिथं आपसूक पोचत होता. दोन ओळी झाल्यावर मामांनी त्या न बोलता उपसून टाकल्या. गवत चढवायचं वळचणीपासून वर, कौलं चढवतात तसं, म्हणजे वरच्या थराचं पाणी खालच्या थराच्या पाठीवर पडतं. उलट केलं तर प्रत्येक ओळ पाणी आत घेते. आणि उतार पाहिजे तो काटकोनाच्या निम्मा तरी. ताडपत्रीला कमी चालतो, गवताला नाही. मोजायला काही लागत नाही. वळचणीच्या टोकापासून आतल्या बाजूला जितकी पावलं आढ्याच्या खाली येतात, तितकंच उंच आढं वळचणीच्या वर ठेवायचं. माझं आढं आणखी हातभर वर गेलं ते यामुळे.

कूड, म्हणजे काठ्यांची लिंपलेली भिंत, फक्त पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि उभीच्या उभी वाळते, त्यामुळे तशा वर्षानंतर काठ्यांना तोटा नसतो. काठ्या उभ्या रोवून केवणीच्या (मुरुडशेंगेच्या झुडपाच्या) चिवट सालीनं आडव्या काठीला बांधायच्या आणि शेणमातीनं लिंपायचं. पश्चिमेचं लिंपण पहिल्याच पावसात धुऊन गेलं. आता त्या बाजूला बाहेरून गवताचा झाप असतो. दसऱ्यानंतर तो काढायचा. वर आढ्याजवळ दोन्हीकडे फट ठेवलेली आहे. ती बुजवली तर ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि सकाळी आपण पाऊस न पडताच ओले होतो. तंबूबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. दोन दिवसांच्या भटकंतीला मीही तंबूच नेते, त्यात कमीपणा काही नाही. पण सलग आठ दिवस झड लागली की तंबू आतून पाझरतो, त्याचा तळ ओलावतो, आणि उभं राहून साडी सोडा, सलवारसुद्धा बदलता येत नाही.

आता दाराचं. आमच्या शाळेत ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण पाठ करून घेत आणि झोपा म्हणजे काय हे कोणी सांगत नसे. झोपा म्हणजे गोठ्याला लावायचं काठ्याकुडाचं उचलतं दार. माझ्याकडे म्हण उलटी घडली. दुसऱ्या वर्षी मी पाणी आणायला झऱ्यावर गेले होते. परत येऊन बघते तर मामांची एक म्हैस अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून शांतपणे माझी गादी खात होती. वीतभर जाडीचा सगळा हिशेब तिच्या पोटात. म्हणजे म्हैस आली नि झोपा केला. मामा हसून हसून खाली बसले. पेंढा त्यांनीच दुसरा दिला, पण वर ‘तिला बी गारठा लागतोय’ हे ऐकवलंच.

चूल खोपटाच्या बाहेर, चार हातांवर, स्वतंत्र छोट्या छपराखाली. पेंढ्याच्या घरात विस्तव ठेवण्याइतकी मी धीट नाही. पावसात पेटवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर तुकडे ठेवते. ते ओले असले तरी पुसून पेटतात आणि काटक्या धरेपर्यंत जळत राहतात. वास घाण येतो. जळवांना मीठ, आणि बूट घालण्याआधी झटकायचे, कारण आमच्याकडे फुरसं हा विषारी साप आहे. दगडाखाली, पाल्याखाली हात घालायचा नाही, आधी काठी घालायची. पेंढाही रोज संध्याकाळी काठीनं उलटापालटा करते. भीती वाटते का, असंही विचारतात. बाई एकटी म्हणून जी विचारता ती भीती मला स्वारगेटला जास्त वाटते. इथं वाड्यावर हाक पोचते.

काही जणांचा प्रश्न वेगळा असतो: रान चुकलो, अंधार पडला, जवळ काहीच नाही, तर? तेव्हा खोपटाच्या नादी लागू नका. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसू नका, वर कुठं पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही पाणी येतं. वाळक्या फांदीखाली बसू नका, वाऱ्यानं पहिली तीच येते. कड्याच्या टोकावरही नको. झाडीत वाऱ्याच्या आडोशाला खोडाशी टेकून बसा, पाठीवरची सॅक रिकामी करून बुडाखाली घ्या, आणि काठीनं आधी उसकून बघितलेला पाला, गवत, जे मिळेल ते खाली आणि भोवती ओढा. रेनकोट सगळ्यात वरून. अंगाला चिकटलेला ओला सदरा घट्ट पिळून पुन्हा घाला. जागा अंगापुरतीच ठेवा. मोठी केलीत तर ती गरम करायला तुमच्या अंगाशिवाय तिथं दुसरी चूल नसते. आणि उजाडेपर्यंत चालू नका. बहुतेक अपघात अंधारात वाट शोधताना होतात असं मामा म्हणतात, आणि त्यांनी घळीतून काढलेली माणसं मी बघितली आहेत.

खोपट्याला लागलेला सगळा खर्च हजार-बाराशे, त्यातला मोठा भाग ताडपत्रीचा, आणि ती आतापर्यंत दोनदा बदलली. पेंढा दर वर्षी नवा. आढं एकदा बदललं.

मेढी, म्हणजे आढं पेलणारे बेचक्याचे खांब, मात्र पहिल्याच आहेत, त्यांची एक भानगड झाली. २०१७च्या जूनमध्ये दोऱ्या झाडांवरून सोडवून मी दोन मेढी रोवल्या. कुंपणाचा पांगारा छाटला होता, त्याच्याच मनगटाएवढ्या जाड, बेचक्याच्या फांद्या. हलक्या होत्या म्हणून उचलल्या. पांगारा कुजतो, दुसरं लाकूड बघ, असं मला एका जाणकारानं सुनावलं. ऑगस्टमध्ये बघते तर दोन्ही मेढींना तीन-तीन पानांची पालवी. फांदी ओल्या जमिनीत रोवली की पांगारा मूळ धरतो, लोक म्हणून तर त्याचं कुंपण करतात. मी उपटायला निघाले होते, मामांनी थांबवलं. ‘जित्या लाकडाला वाळवी लागत न्हाई.’

आता त्या माझ्या मांडीएवढ्या झाल्या आहेत. गेल्या फाल्गुनात एकीला फुलं आली, पानं एक नाही आणि टोकाला लालभडक तुरे, त्यांवर बुलबुलांची आणि साळुंक्यांची भांडणं. त्यांचा कचरा सगळा शाकारणीवर. आढं जिथं बेचक्यात बांधलं होतं तिथली नायलॉनची दोरी सालीनं अर्धी गिळली आहे. कोयत्याच्या टोकानं ती कोरून काढायला मला एक दुपार लागली. आता तिथं सुरगाठ मारते आणि दर मे महिन्यात दोन बोटं सैल करते.