राजमाता कुठे उभी राहते?

प्राण्यांच्या ॲनिमेशनपटात राजमाता रेखाटायची म्हटलं की पहिल्याच चित्रात मुकुट येतो, मग लांब पापण्या, आणि ओळीला एक सुविचार. ही राजमाता पहिल्या पाच मिनिटांतच पोकळ वाटू लागते. तिचं शहाणपण आणि धैर्य बघणाऱ्याला पटायचं असेल तर संवाद लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: प्रत्येक प्रसंगात ती कळपाच्या कोणत्या बाजूला उभी आहे? पात्राचं बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

प्राणी निवडताना आपल्याला आफ्रिकेकडे बघायची गरज नाही. सिंहांच्या कळपात एकमेकींच्या नात्यातल्या माद्या टिकून राहतात आणि नर काही वर्षांनी बदलतात, म्हणजे राजमातेला तिथे खरा आधार आहे. हत्तींचा कळपही थोरली मादीच चालवते. पण कोल्हापूरच्या माणसाच्या हाताशी गवा आहे. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठीच ओळखलं जातं, आणि गव्यांच्या कळपाचं पुढारपण बहुधा वयस्क मादीकडे असतं. मोठे नर अनेकदा एकटे फिरतात. कथेच्या दृष्टीने हे सोनं आहे, कारण ज्याला ती वाढवते आहे तो पाडा एक दिवस कळप सोडून जाणार, हे तिला पहिल्यापासून माहीत असतं. ‘गादीचा वारस’ हे माणसांचं कथानक तिथे जसंच्या तसं चिकटवू नये.

माणसातली राजमाता समजून घ्यायला मात्र ताराराणींसारखं उदाहरण नाही. 1700 साली त्यांचे पती राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या आणि मुलगा लहान होता. तिथून 1707 मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत त्यांनी लढा चालू ठेवला. मोगल इथे किल्ले घेत होते आणि मराठी फौजा माळव्यात, गुजरातेत घुसत होत्या. पटकथेसाठी यातून घ्यायचं ते एवढंच: राजमाता संकटाच्या अंगावर धावून जाण्याआधी संकटाला दुसरीकडे बघायला लावते. कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावरच्या त्यांच्या अश्वारूढ पुतळ्याची नक्कल करून गवीला दोन पायांवर उभं करू नका. तो आवेश घोड्याचा आहे.

गव्याचा आवेश आडवा असतो. धमकावताना तो समोरच्याला आपली कूस दाखवतो, म्हणजे अंगाचा सगळा पसारा एकदम दिसतो. त्यामुळे बिबट्या किंवा कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) टोळी वासरांवर आली की राजमातेने डोकं खाली घालून लगेच धाव घेऊ नये. आधी तिने वासरं आणि शत्रू यांच्या मधे आडवं व्हावं. कॅमेरा वासराच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवला तर पडदा तिच्या काळ्या कुशीने भरून जातो आणि पलीकडचा शत्रू फक्त पायांच्या फटीतून दिसतो. संवादाची गरजच उरत नाही.

आता शरीर. गव्याच्या पाठीवरचा उंचवटा बैलाच्या वशिंडासारखा मांसल नसतो. मणक्यांची वरची हाडं लांब असतात, त्यांची ती धार असते आणि पाठीच्या मध्यावर ती एकदम संपते. मादीत ती नरापेक्षा कमी उठावदार असते. रिगिंग करताना, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्याला आतला सांगाडा जोडताना, हमखास होणारी चूक म्हणजे इथे वशिंडासारखं हलणारं हाड जोडणं. मग चालताना पाठ लदलदते आणि जनावराचं वजन निघून जातं. ती धार कण्यालाच घट्ट बांधा. हलायचं ते खांद्याचं पातं, कातडीखाली पुढेमागे सरकणारं. गळ्याखाली लोंबणारी कातडीची पोळी हलू द्या, पण दोन-तीन फ्रेम उशिराने. मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ वाटतो तो खरा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. तो विसरला की मागचे पाय टेबलाच्या पायांसारखे दिसतात.

गुडघ्याखालचे पांढुरके मोजे अंधाऱ्या जंगलातही चाल वाचता यावी म्हणून फार उपयोगी पडतात, ते गवताआड घालवू नका. वासरू तांबूस-सोनेरी असतं आणि वाढताना गडद होतं, त्यामुळे काळाची उडी दाखवायला पाटी लागत नाही. वय दाखवायला शिंगांच्या बुंध्याशी वळ्या, एका कानाला जुनी चीर, मानेची थोडी सैल कातडी पुरे. बेंदराच्या बैलासारखी शिंगं रंगवून, झूल घालून तिला सजवण्याचा मोह होतो. पण तो मान गोठ्यातल्या जनावराचा आहे, रानातल्या राजमातेला तो शोभत नाही.

चालीसाठी सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर माणसाची साधी चाल दोन पावलांत 24 फ्रेममध्ये पुरी होते. राजमातेचं पूर्ण चक्र 32 ते 36 फ्रेमचं ठेवा. पावलांचा क्रम डावं मागचं, डावं पुढचं, उजवं मागचं, उजवं पुढचं. मागचा खूर साधारण पुढच्याच्या ठशाजवळ पडतो. डोकं एका चक्रात दोनदा हलतं, पुढच्या प्रत्येक पावलाला एकदा. चारही पायांत सारखं अंतर ठेवलं तर चाल यंत्राची वाटते, म्हणून वजन अंगावर घेणारा क्षण दोन-तीन फ्रेम लांबवा. संदर्भासाठी पंचगंगेच्या घाटावर पाण्यातून वर येणाऱ्या म्हशींचं बाजूने चित्रण करा. पायरीवर खूर टेकल्यावर खांदा किती खचतो ते तिथे स्वच्छ दिसतं. पाठीची धार आणि शिंगं मात्र गव्याच्याच छायाचित्रांवरून घ्या. चित्रणासाठी रानगव्याच्या जवळ कधीच जाऊ नका, तो वस्तीजवळ आलेला असला तर अजिबात नाही. गर्दीने बिथरलेला गवा जीव घेऊ शकतो.

शहाणपणाचा प्रश्न जास्त अवघड आहे. ते म्हणीत मावत नाही. इतरांच्या आधी तिला काय दिसतं, यात ते असतं. पाणवठ्याचा एक प्रसंग असा लिहिता येईल:

‘आईसाहेब, पानी तर हितंच हाय की!’
‘हाय. पर पाखरं का बसंनात त्यावर?’

एवढंच. पुढे ती समजावून सांगत नाही. दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम, फक्त तिचा कान फिरतो. गव्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे माणसासारखा समोर रोखलेला चेहरा जमत नाही. भाव कान, नाकपुड्या आणि मानेच्या उंचीवर चालतात. दोन्ही डोळे पुढे ओढले की चेहरा कार्टूनमधल्या कुत्र्यासारखा होतो.

आवाज आधी ध्वनिमुद्रित करा, चित्रं नंतर. पन्नाशी-साठीतली, कोल्हापुरी बोली अंगवळणी पडलेली अभिनेत्री हवी. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या कलाकाराने ‘हाय’, ‘न्हाई’ म्हटलं की ते उसनं वाटतं. ओठांसाठी सहा आकार पुरतात. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ निदान दोन फ्रेम पूर्ण मिटलेच पाहिजेत. ळ आणि ण जिभेचे आहेत, त्यांना वेगळा आकार लागत नाही. धोक्याची सूचना शब्दांत देऊ नका. गवा नाकातून शिट्टीसारखा तीक्ष्ण फुत्कार सोडतो, तोच वापरा. सिनेमाभर तो दोनदाच येऊ द्या.

कामाचा अंदाज आधीच घ्या. एका मिनिटाला 1440 फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर 720 चित्रं. सात मिनिटांच्या लघुपटात फक्त राजमातेचीच हजारो चित्रं होतील, म्हणून तिचा स्थिरपणा खर्चाच्याही कामी येतो. पण स्थिर म्हणजे गोठलेली नव्हे. साठेक फ्रेमचं श्वासाचं चक्र, बरगड्यांची किंचित उघडझाप, शेपटीचा एखादा फटका ठेवा. ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ ही मोफत साधनं एवढ्या कामाला पुरेशी आहेत.

कळसाला वणवा घ्या. सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचं, वाळलेलं गवत पेटलंय, कळपाला ओढ्याकडे उतरायचंय. आतापर्यंत राजमाता सर्वांच्या पुढे चालत आली. इथे पहिल्यांदाच ती मागे राहते, धूर आणि शेवटचं वासरू यांच्या मधे, पुन्हा आडवी. पुढची वाट तरुण मादी धरते. तिने ती कुठे शिकली हे पाणवठ्याच्या प्रसंगात पेरलेलं असावं: कान फिरला तेव्हा तिच्या शेजारी हीच उभी होती.