रात्रीचे जॉब क्रॉनमधून एअरफ्लोवर आणताना

रात्री अकराला बॅकअप, साडेबाराला सहा डेपोंची विक्री ओढून आणायची, दोनला स्टॉक जुळवायचा, चारला किंमतयादी, साडेपाचला रिपोर्ट. आमच्या घाऊक वितरणाच्या धंद्यात वर्षानुवर्षं असंच चालत होतं. ठरल्या वेळी जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, सुरू करणारे चार शेड्युलर: दोन लिनक्स सर्व्हरवर क्रॉन, एका विंडोज सर्व्हरवर टास्क शेड्युलर आणि शिवाय एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा एजंट. या चौघांना एकमेकांचा पत्ता नाही. मधली सगळी जोडणी कुणीतरी कधीकाळी बांधलेल्या वेळेच्या अंदाजावर. महिनाअखेरीला विक्रीचा जॉब दोन वाजून गेले तरी संपत नाही. स्टॉकचा जॉब मात्र ठरल्या वेळी उठतो, अर्ध्या डेटावर बेरीज करतो आणि यशस्वी म्हणून बंद होतो. फेल झालेला जॉब सकाळी दिसतो तरी. चुकीचं उत्तर देऊन पास झालेला जॉब सापडायला डीलरचा फोन यावा लागतो. हे जॉब एअरफ्लो या एकाच शेड्युलरवर आणायचं कारण एवढंच होतं.

सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सोपा भाग. वेळ जातो तो चालू जॉबची यादी करण्यात. प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब (क्रॉनच्या जॉबची यादी असलेली फाइल) वेगळा, सिस्टीमचा वेगळा, क्रॉन-डी फोल्डरमधल्या फाइल्स वेगळ्या, आणि नव्या लिनक्सवर सिस्टमडीचे टायमर आणखी वेगळे. रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन युजरचा, क्रॉनटॅब पाहिला म्हणजे यादी झाली, असं नसतं. शिवाय अकाउंट्समधल्या कुणाच्या तरी पीसीवर सकाळी आपोआप उघडणारं एक एक्सेल असतंच, आणि त्यावर अर्धं ऑफिस अवलंबून असतं.

यादीत जॉबचं नाव आणि वेळ लिहून भागत नाही. मालक कोण, इनपुट कुठून येतं, आउटपुट कोण वापरतं, एरवी किती मिनिटं लागतात आणि महिनाअखेरीला किती, हे हवं. सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे 'हाच जॉब दोनदा चालला तर काय होईल?' रिट्राय (फेल झाल्यावर आपोआप पुन्हा चालवणं) द्यायचा की नाही, हे पुढे त्यावरूनच ठरतं. ज्यांचा मालक सापडत नाही असे जॉब डिलीट करू नयेत. बंद करून एक तिमाहीअखेर जाऊ द्यावी, कुणी ओरडलं नाही तर काढावेत.

कंट्रोल-एम आणि ऑटोसिस ही शेड्युलरच्या क्षेत्रातली जुनी, भक्कम नावं. बँका आणि मोठे कारखाने तीच वापरतात, कारण कॅलेंडर, विंडोजचे एजंट, सॅपची जोडणी हे सगळं त्यांत तयार मिळतं. लायसन्सचा खर्च आमच्या आकाराला झेपणारा नव्हता आणि टीमला पायथन येत होतं, म्हणून एअरफ्लो. २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१९ पासून अपाचे फाउंडेशनचा मुख्य प्रकल्प आहे. फुकट असलं तरी ते सांभाळायला माणूस लागतो. एकूण जॉब पंधरा-वीसच असतील तर या भानगडीत पडूच नये. क्रॉन ठेवावा, प्रत्येक ओळीला फ्लॉक लावून एकाच जॉबच्या दोन प्रती एकावर एक चढणार नाहीत असं बघावं, आणि फेल झाल्यावर मेल येईल एवढं करावं. पुरतं.

जॉब हलवताना पहिला अडथळा एक्झिट कोडचा, म्हणजे स्क्रिप्ट संपताना जो आकडा परत देते त्याचा. शेड्युलर लॉग वाचत नाही. शून्य आलं तर पास, दुसरं काही आलं तर फेल, एवढंच त्याला कळतं. आणि जुन्या स्क्रिप्ट इथे सर्रास खोटं बोलतात. एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरी चालवणाऱ्या एसक्यूएलसीएमडीला 'बी' स्विच दिला नाही तर क्वेरीत एरर येऊनही शून्य परत येतं. बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड-शेलमध्ये) पाइपने जोडलेल्या कमांडपैकी शेवटच्याचाच कोड मिळतो, म्हणून पाइपफेल चालू करावं लागतं. विंडोजवर फाइल कॉपी करणाऱ्या रोबोकॉपीचं उलटं: फाइल नीट कॉपी झाली की ते १ देतं, आणि ८ च्या खालचे सगळे कोड यशाचेच असतात. हे माहीत नसेल तर रोज पहाटे खोटा अलार्म.

त्यानंतर वातावरण. क्रॉनमधला पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) अगदी तोकडा असतो, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहिलेले असतात आणि नव्या मशीनवर ते फोल्डरच नसतात. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश लावलेला असतो. तो बाहेर नेताना काढावा लागतो. विंडोजवर 'स्टार्ट इन' (कुठल्या फोल्डरमधून चालवायचं ते) रिकामं असेल तर स्क्रिप्ट सिस्टम-३२ फोल्डरमधून चालते आणि शेजारचीच फाइल तिला सापडत नाही. लॉगिन नसताना मॅप केलेला ड्राइव्हही दिसत नाही, नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो.

वेळेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एअरफ्लोचं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ. १ तारखेचा जॉब यूटीसीत मागच्या महिन्यात पडतो. प्रत्येक डॅगला (एअरफ्लोमध्ये एकमेकांना जोडलेल्या कामांचा संच) आशिया-कोलकाता टाइमझोन स्पष्ट द्यावा. शिवाय आवृत्ती २ मध्ये रनवर तारीख लागते ती डेटाच्या कालावधीच्या सुरुवातीची, म्हणजे ५ तारखेच्या पहाटे चाललेल्या रोजच्या रनवर ४ तारीख असते. आवृत्ती ३ मध्ये ही मूळ पद्धत बदलली आहे, तेव्हा जुनं उदाहरण उचलताना आवृत्ती बघावी. कॅचअपचंही (मागचे राहिलेले रन भरून काढण्याचंही) तसंच: २ मध्ये तो आपोआप चालू, ३ मध्ये बंद. तो चालू असताना सुरुवातीची तारीख वर्षभर मागची दिली, तर मागचे ३६५ रन रांगेत उभे राहतात. डीलरला एसएमएस पाठवणारा जॉब असेल तर काय होईल याची कल्पना करा. आणि 'आज वजा एक' अशी तारीख स्क्रिप्टने स्वतः काढू नये. शेड्युलरने दिलेली घ्यावी, म्हणजे सोमवारचा जॉब बुधवारी पुन्हा चालवला तरी डेटा योग्य दिवसाचाच येतो.

त्यानंतर सुट्ट्या. सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. क्रॉनमध्ये तारीख ८ ते १४ आणि वार शनिवार असं लिहिलं तर दुसरा शनिवार मिळेल असं वाटतं, पण दोन्ही रकाने भरले की क्रॉन 'किंवा' समजतो: ८ ते १४ रोज, शिवाय प्रत्येक शनिवारी. सुट्ट्या तर आयत्या वेळी हलतात. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरवर गेली. म्हणून सुट्ट्या कोडमध्ये लिहू नयेत. एका टेबलात ठेवाव्यात आणि ते टेबल अकाउंट्सच्या ताब्यात द्यावं.

आता मूळ दुखणं. स्टॉकचा जॉब दोनला नव्हे, तर सहाही डेपोंच्या फाइल्स आल्यावर सुरू व्हायला हवा; त्यासाठी सेन्सर, म्हणजे फाइल येण्याची वाट बघणारं काम. फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण आली असं नाही, एसएफटीपीवर (जिथे डेपो फाइल चढवतात त्या सर्व्हरवर) ती अर्धी चढलेली असू शकते. डेपोने आधी तात्पुरत्या नावाने चढवावी आणि शेवटी नाव बदलावं. सेन्सरचा मूळ मोड वाट बघताना वर्करची (जॉब चालवणाऱ्या प्रोसेसची) जागा अडवून ठेवतो. जागा चार आणि सेन्सर सहा असले, तर फाइल आणणाऱ्या जॉबलाच जागा उरत नाही आणि सगळंच ठप्प होतं. रीशेड्यूल मोड लावावा, तो दोन तपासण्यांच्या मध्ये जागा सोडतो. टाइमआउट मुळात ७ दिवसांचा असतो, तो तीन तासांवर आणावा.

रिट्राय सगळ्यांना सरसकट देऊ नये. त्या तारखेच्या ओळी काढून पुन्हा भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही असं) होत असेल तर तीन रिट्राय खुशाल द्यावेत. बँकेला पेमेंटची फाइल पाठवणाऱ्या जॉबला शून्य.

जुनं आणि नवं काही काळ शेजारी चालवावं, पण नव्याने वेगळ्या टेबलात लिहावं आणि त्याचे मेल-एसएमएस बंद ठेवावेत. रोज ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज ताडून बघावी, मध्ये एक महिनाअखेर यायलाच हवी. जॉब हलवला की जुनी ओळ त्याच दिवशी कॉमेंट करावी.

अलर्ट शेवटचा रिट्राय फसल्यावरच यावा, आणि 'सहापर्यंत रिपोर्ट तयार नाही' असा उशिराचा वेगळा. शेड्युलरच बंद पडला तर तो स्वतः कळवू शकत नाही, तेव्हा त्याच्यावर नजर ठेवणारी तपासणी दुसऱ्या मशीनवर हवी. मेटाडेटासाठी, म्हणजे एअरफ्लोच्या स्वतःच्या नोंदींसाठी, पोस्टग्रेस डेटाबेस वापरावा आणि त्याचा बॅकअप घ्यावा. फर्नेट की (एअरफ्लो जिने पासवर्ड एन्क्रिप्ट करतं ती किल्ली) वेगळी जपून ठेवावी, ती हरवली तर साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत. लॉगने डिस्क भरते, त्याची साफसफाई पहिल्याच आठवड्यात लावावी.

लॉग रोटेशन, सर्टिफिकेटचं नूतनीकरण, टेम्प फोल्डर साफ करणं ही त्या-त्या मशीनपुरती कामं. ती आम्ही क्रॉनमध्येच ठेवली आहेत.